एका अर्जाची पोच

प्रज्ञा गेल्याची बातमी मला ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली, त्याचं नाव अजूनही ‘निबंध बॅच, रविवार’ असंच आहे. सहा वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका क्लासमध्ये आम्ही बाराजण कायद्याच्या प्रवेश परीक्षेतला निबंध शिकायला बसायचो, तेव्हा सरांनी तो काढला होता. परीक्षा झाली, जो तो आपापल्या वाटेला लागला, ग्रुप मात्र कोणी बंद केला नाही. दिवाळीला पणत्या, अधूनमधून सुविचार आणि वांगणीच्या कुठल्याशा प्लॉटची जाहिरात, एवढंच त्यावर यायचं. त्या मंगळवारी दुपारी मी ऑफिसात डबा उघडून बसले होते आणि प्रज्ञाचा फोटो आला. परीक्षेच्या फॉर्मला लावायला काढलेला, मागे निळा पडदा. खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि त्याखाली जोडलेले हात, एकाखाली एक. मीही हात जोडले. मग डबा खाल्ला. हे लिहायला लाज वाटते, पण भूक लागली होती आणि दोन वाजता मीटिंग होती.

डेंग्यू झाला होता. चार दिवस तिनं ताप अंगावर काढला, कारण गल्लीतल्या एका बाईंना घेऊन तिला कल्याणला सुनावणीला जायचं होतं. सुनावणी झालीच नाही, पुढची तारीख पडली. ही तारीख घेऊन ती घरी आली आणि झोपली ती उठलीच नाही म्हणायची, कारण त्यानंतर दवाखान्यांत जे काही झालं त्यात ती फारशी शुद्धीवर नव्हती. तिला तिसावं लागलं होतं. या पुरवणीचं काम बघणाऱ्या ताई मला म्हणाल्या, तिच्या कार्यावर लिही, जरा प्रेरणादायी होऊ दे. मी हो म्हणाले, पण ते जमणार नाही. प्रज्ञाला कार्य हा शब्द ऐकला तरी हसू यायचं. शिवाय मला प्रेरणा वगैरे काही मिळालेली नाही. मला राग आलेला आहे. तिचा आलाय, त्या परीक्षेचा आलाय, आणि सगळ्यात जास्त ज्या व्यक्तीचा आलाय तिच्याबरोबर मला रोज राहावं लागतं.

मोटवानी सरांचा क्लास जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वर होता. खाली मशीन सुरू झाली की आमची बाकडी थरथरायची आणि सर आवाज चढवायचे. परीक्षा दक्षिणेतल्या एका नामांकित कायदा विद्यापीठाची, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कोर्सची. त्यात गोल काळे करायचे प्रश्न होते आणि शेवटी एक मोठा निबंध, इंग्रजीत. गोल कोणीही काळे करतो, खरी पोरं निबंधात गळतात, असं सर म्हणायचे, आणि ते खरं होतं. निबंधाचा त्यांचा साचा ठरलेला. प्रस्तावना, एक बाजू, दुसरी बाजू, मग दोन्हींचा तोल, मग समारोप. “बेटा, एक्झामिनरकडे तीन मिनिटं असतात. त्याला स्ट्रक्चर दे. अपनी कहानी घर पे रखो.” आम्ही ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं. मी तर दोनदा अधोरेखितही केलं होतं.

पहिल्याच रविवारी फाशीची शिक्षा असावी का, हा विषय आला. तासाभरानं सर वह्या चाळत होते आणि एका वहीवर थांबले. वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘प्रति, मा. राष्ट्रपती’. सर हसले, मग आम्ही सगळे हसलो. मागच्या बाकावरची एक सडपातळ मुलगी उभी राहिली. ती हसत नव्हती आणि ओशाळलीही नव्हती. “सर, कोणाला लिहितोय ते माहीत नसलं तर मला पहिलं वाक्यच सुचत नाही,” ती म्हणाली. सरांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला. नाव लिही, पण पेन्सिलनं, आणि पेपर द्यायच्या आधी खोडून टाक. तिला ते पटलं. पुढच्या रविवारी ती नवा खोडरबर घेऊन आली.

ही प्रज्ञा. बदलापूरला मांजर्लीत एका खोलीत ती आणि तिची आई राहायच्या. वडील लवकर गेलेले. आई औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. आईला सहीपुरतं लिहिता यायचं, म्हणून घरातले अर्ज प्रज्ञा सातवीपासून लिहीत होती. पहिला रेशनकार्डात नाव चढवण्याचा, मग नळाचा, मग शेजारणीचा, मग शेजारणीच्या बहिणीचा. कोणाचंही कुठेही अडलं की लोक दोन कोरे कागद घेऊन तिच्या दाराशी यायचे. तिच्या मते जगातलं सगळं लिखाण अर्जच असतं. प्रति, विषय, महोदय, मग आपलं म्हणणं, मग विनंती, आणि खाली नाव. मी अंबरनाथ पूर्वेची, वडील कारखान्यात अधिकारी, शाळा इंग्रजी माध्यमाची. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा शंभर पटीनं सफाईदार होतं आणि माझ्या निबंधांना तिच्या निम्मे मार्क पडायचे. पहिले तीन रविवार मला हे अन्यायाचं वाटलं. चौथ्या रविवारी मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

क्लास सुटला की आम्ही अंबरनाथला उतरून शिवमंदिराकडे चालत जायचो. तिथे नाल्याकडच्या बाजूला एक बुटका कठडा आहे. त्यावर बसून, मोबाइलवर वेळ लावून आम्ही एकेक निबंध लिहायचो आणि वह्या बदलायचो. भाविक बघत जायचे, एखादी आजी प्रसादाचं खोबरं हातावर ठेवायची. माझी वही वाचून प्रज्ञा पहिल्यांदा काय म्हणाली, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. “छान आहे ग. पण हे कोणाला लिहिलंस?” मी म्हटलं, कोणालाच नाही, निबंध आहे तो. “मग कोण कशाला वाचेल?” असं म्हणून तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. त्या दिवशीचा विषय कामाचे तास ठरवून द्यावेत का, असा काहीतरी होता. मी चिडून वर ‘बाबा’ असं लिहिलं आणि पुन्हा सुरुवात केली. बाबा रविवारीसुद्धा कामावर जायचे आणि घरी आले की कामगार कसे आळशी असतात ते सांगायचे. त्या दिवशी मला लिहायला वेळ पुरला नाही. मला जे काही लिहिता येतं ते त्या कठड्यावर आलेलं आहे, आणि ते मी आतापर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत लेखनशैलीचं श्रेय मी शाळेला दिलं होतं.

एकदा ती मला बळेच तहसील कचेरीत घेऊन गेली. कोणाचा तरी अर्ज द्यायचा होता. खिडकीतल्या माणसानं वर न बघता ठेवून जा म्हणून सांगितलं. प्रज्ञा हलली नाही. तिनं दुसरी प्रत पुढे सरकवली आणि पोच मागितली. तो म्हणाला साहेब नाहीत. ती म्हणाली, साहेबांची नको, तुमचा शिक्का द्या. मागे रांग वाढली, लोक कुरकुरायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीसेक मिनिटांनी त्यानं वैतागून शिक्का मारला, सही केली आणि तारीख घातली. बाहेर आल्यावर मी विचारलं, म्हणजे आता काम होणार का? ती हसली. “पोच म्हणजे हो नाही ग. पोच म्हणजे फक्त एवढंच, की उद्या कोणी बोलू नये, आम्हाला मिळालंच नव्हतं.” मग तिनं तो कागद फायलीत लावला आणि आम्ही उसाचा रस प्यायलो.

त्या वर्षी जुलैत उल्हास नदी मांजर्लीत शिरली. दर काही वर्षांनी शिरतेच. त्या सकाळी तासाभरात प्रज्ञाच्या खोलीत छातीएवढं पाणी चढलं. मायलेकी वरच्या मजल्यावर एकांकडे होत्या म्हणून वाचल्या. पाणी उतरल्यावर भिंतीवर तपकिरी रेघ राहिली. घरमालकानं नंतर रंग दिला, तर महिन्याभरात रेघ रंगातून वर आली. प्रज्ञा पुढचे दोन रविवार क्लासला आली नाही. तिसऱ्या रविवारी आली तेव्हा तिच्या ओढणीला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता आणि दोरीवर वाळवलेल्या वह्या फुगून दुप्पट झाल्या होत्या. ज्या थोड्या वह्या-पुस्तकांना पाणी लागलं नव्हतं, ती तिनं रेघेच्या वर एक फळी ठोकून त्यावर ठेवली होती. तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. तिचा संताप वेगळ्याच गोष्टीचा होता. पंचनामा झाला तेव्हा यादीत फक्त घरमालकांची नावं लागली. तिच्या गल्लीतली एकतीस कुटुंबं भाड्यानं राहत होती, कोणाकडेच करारनामा नव्हता, कारण मालक करून देत नाहीत. भांडी, गाद्या, पोरांची दप्तरं यांची वाहून गेली आणि यादीत नावं त्यांची, जे बदलापुरात राहतही नव्हते. प्रज्ञानं एकतीस अर्ज लिहिले. एकतीस पोच घेतल्या. उत्तर एकाचंही आलं नाही.

याच विषयावर तिनं क्लासमध्ये एक निबंध लिहिला. सरांनी लाल पेनानं आडवी रेघ मारली. “ये निबंध नहीं, कंप्लेंट है बेटा. पर्सनल मत लिख.” सर वाईट माणूस नव्हते. त्यांना तिचा प्रवेश हवा होता, क्लासच्या बोर्डावर तिचा फोटो लावायचा होता. आणि मी तरी काय केलं? परत येताना मी तिला समजावत होते की सर बरोबर बोलतायत, आत शिरल्यावर हवं ते लिही, आधी आत तर शिर. ती ऐकत होती. तिनं वाद घातला नाही, त्यामुळे तिला पटलं असं मी समजले.

परीक्षेचं केंद्र ठाण्यातल्या एका कॉलेजात होतं. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर जाड ठशात सूचना होती की निबंधात आपलं नाव, पत्ता किंवा ओळख पटेल अशी कुठलीही खूण लिहू नये. निबंधाचा विषय मी दोनदा वाचला. नैसर्गिक आपत्तीनंतर मिळणारी मदत हा नागरिकाचा हक्क की शासनाची कृपा? प्रज्ञा माझ्या दोन बाकं पुढे होती. मला तिची फक्त पाठ आणि वेणी दिसत होती. पाचेक मिनिटं ती हललीच नाही. मग खाली वाकली ती वेळ संपेपर्यंत. मी वरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं नाव लिहिलं, ‘प्रज्ञा’. तिलाच लिहिला मी तो निबंध. प्रत्येक वाक्याला ती काय विचारेल ते मला माहीत होतं. तिच्या गल्लीतलं सगळं मी त्यात घातलं, करारनामा न देणारे मालक, यादी, पोच, फुगलेल्या वह्यासुद्धा. फक्त नाव कोणाचं घेतलं नाही. ‘एका उपनगरातील काही भाडेकरू’ एवढंच. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा मी कोपऱ्यातलं नाव खोडलं. खोडरबर तिचाच होता, सकाळी तिनं अर्धा तोडून मला दिला होता.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. इतकी खूश मी तिला आधी कधी बघितली नव्हती. मी विचारलं कसा गेला, तर म्हणाली, “मस्त. सगळं लिहिलं. नावं पण.” मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. वर, पेनानं, ‘प्रति, मा. परीक्षक’. विषय, पंचनाम्यातून वगळलेल्या भाडेकरूंबाबत. मग मुद्दे, एकापाठोपाठ एक, अगदी साच्यात बसणारे, दोन्ही बाजू आणि तोल धरून. आणि शेवटी एकतीस नावं, गल्लीचा पत्ता आणि खाली अर्जदार म्हणून स्वतःचं नाव. मी विचारलं, तू सूचना वाचली नाहीस का?

“वाचली ना. पण तिथं लॉचे प्रोफेसर वाचणार ग. आमच्याकडं तलाठी पण वाचत नाही.”

त्यावर मी जे बोलले ते लिहायला हवं, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, वेडी आहेस तू, आता बस जन्मभर अर्ज लिहीत. कॉलेजच्या फाटकाशी, लोकांच्या गर्दीत, मोठ्यानं बोलले. मग तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली, कारण माझा घसा बसला होता... पुढे ती खरोखरच जन्मभर अर्ज लिहीत बसली. जन्म तेवढाच होता.

निकालात माझं नाव होतं. घरी पेढे आले. बाबांना आधीपासून खात्री होती की प्रज्ञाला मिळेल, तिला काय, तिला जागा राखीव आहे, असं ते जेवताना म्हणायचे आणि मी वरण वाढून घ्यायचे. तिचं नाव आलं नाही तेव्हा ते काही बोलले नाहीत, मीही काही बोलले नाही. प्रज्ञानं अर्थातच विद्यापीठाला अर्ज केला. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की उत्तरपत्रिकेत ओळख उघड केल्यामुळे निबंधाचा भाग तपासण्यात आलेला नाही. ती ते घेऊन शिवमंदिराच्या कठड्यावर आली. मला वाटलं रडेल. तिनं कागद माझ्यापुढे धरला आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. “तपासला नाही म्हणजे वाचला पण नाही का ग?” मी म्हटलं, वाचला असेल. तिनं दुसरा अर्ज केला. प्रवेश नको, मार्क नकोत, निबंध कोणी वाचला की नाही एवढंच कळवावं. त्याचं उत्तर आलं नाही.

मी दक्षिणेत गेले. पहिल्या वर्षी तिला सारखी म्हणायचे की परत बस, या वेळी नीट लिही, तुझं होणारच. ती म्हणायची, एकदा लिहिलंय ना, त्याचं उत्तर येऊ दे. या हट्टाचा मला तेव्हा संताप यायचा आणि आजही येतो. कायद्याला तिची गरज होती वगैरे मी म्हणणार नाही, कायद्याला कोणाची गरज नसते. पण तिला तो काळा कोट हवा होता. कपाटाच्या दारावर तिनं कोटाचं एक चित्र चिकटवलं होतं, ते मी पाहिलंय. शेवटची नावं आणि पत्ता खोडला असता तर तो मिळाला असता. ती नावं तिनं का खोडली नाहीत हे मला कळतं, पण म्हणून मी तिला माफ करू शकत नाही. मी खोडलं आणि मला सगळं मिळालं. तिनं खोडलं नाही आणि तिला डेंग्यूचा डास मिळाला. याच्यात कुणाला प्रेरणा घ्यायची असेल तर त्यानं घ्यावी.

शिकून मी मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या कायदा विभागात लागले. बदलापूर अंबरनाथपासून एकाच स्टेशनावर आहे, आणि मी अंबरनाथलाच आईबाबांकडे राहते, तरी आमच्या भेटी वर्षाला एक-दोन झाल्या. दोन वर्षांपूर्वी तिचा मेसेज आला. आधी अर्जाचा फोटो, नेहमीच्या वळणदार अक्षरात. ‘प्रति, अ‍ॅड. केतकी यांस. विषय : सोबतचा मसुदा वाचून देण्याबाबत. महोदया, मांजर्लीतील एकतीस भाडेकरूंच्या वतीने न्यायालयात दाद मागण्यासाठी मसुदा तयार केला आहे. तरी आपण एखाद्या रविवारी तो वाचून द्यावा, ही विनंती.’ खाली नाव, आणि त्याखाली डोळा मारणारा चेहरा. मग एक फाइल, खाली बाणाची खूण. मला पहिल्यांदा वाटलं ते असं, की ही आता माझं नाव त्यावर घालायला लावणार. मी कळवलं की पगारी नोकरीत असताना मला बाहेरच्या प्रकरणात सही करता येत नाही. नियम खरा आहे. पण तो मी शोधून काढला, तो माझ्याकडे आपण होऊन आला नव्हता. तिचं लगेच उत्तर आलं, “सही नको ग. नुसतं वाच आणि सांग बरोबर आहे का.” मी लिहिलं, बघते. दिवाळीत तिनं आठवण केली, मी पुन्हा लिहिलं, बघते. गेल्या उन्हाळ्यातही तेच. बाणावर बोट काही टेकवलं नाही. त्या दोन वर्षांत मी मालिका पाहिल्या, बायकांच्या हळदीकुंकवांना गेले, गोव्याला जाऊन आले.

ती गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी घरी आल्यावर तो मेसेज शोधला आणि बाण दाबला. फाइल उघडली नाही. फोननं कळवलं की ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा... मी फोन पालथा ठेवला. आई आत आली तर तिला सांगितलं, डोकं दुखतंय.

जलदानविधी मांजर्लीतल्या विहारात होता. मी गेले आणि मागे बसले. वंदना झाली आणि मग पुण्यानुमोदनाची भाषणं सुरू झाली. एका पुढाऱ्यानं सांगितलं की प्रज्ञाताई प्रशासनाला घाम फोडायच्या. त्यांच्याच दारात ती किती वेळा ताटकळली होती ते समोरच्या बायकांना ठाऊक होतं, त्या नुसत्या पदर सावरत राहिल्या. मोटवानी सर आले होते, थकलेले दिसत होते. त्यांनी ती आपली सर्वांत हुशार विद्यार्थिनी असल्याचं सांगितलं आणि ते लगेच खाली बसले. माझं नाव पुकारलं, जिवाभावाची मैत्रीण आणि मोठ्या कंपनीतल्या वकील म्हणून. मी उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. काय बोलले ते आठवत नाही, बहुधा समाजाने विचार करण्याची गरज आहे असलं काहीतरी असेल.

नंतर काकी, म्हणजे प्रज्ञाची आई, मला घरी घेऊन गेल्या. खोली तशीच होती. रेघ होती. फळीवर आता पुस्तकांबरोबर फायली होत्या, दोरीनं बांधलेल्या, एकावर एक. काकी स्टुलावर चढल्या आणि त्यांनी नेमकी एक फाइल काढली. त्यांना वाचता येत नाही, पण कुठली फाइल कशाची हे त्यांना दोरीच्या रंगावरून कळतं. त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, बघ. मी पानं उलटत गेले. प्रत्येक अर्जावर गोल शिक्का, सही, तारीख. वर्षानुवर्षांचे, जांभळे, फिकट झालेले. शेवटी माझ्या नावाचा अर्ज होता आणि त्याला टाचलेला मसुदा. त्याच्यावर शिक्का नव्हता.

“ही एकच पोच राहिली बघ,” काकी म्हणाल्या. “मी दोनदा बोलले तिला, काढून टाक ते. बोलली, राहू दे, येईल ती.”

काकींनी डब्यातून पेन काढून दिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, निदान मला तो ऐकू आला नाही, आणि तो असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, काकी, आधी वाचते तरी. त्यांनी मान हलवली. वाचायचं ते नंतर वाच, म्हणाल्या, आधी पोच दे. मी अर्जाच्या खालच्या कोपऱ्यात ‘मिळाला’ असं लिहिलं आणि पूर्ण नावानं सही केली. मग तारखेपाशी माझा हात थांबला. माझ्या मनात काय आलं ते या बाईला कसं कळलं, मला माहीत नाही. इतकी वर्षं लेकीबरोबर खिडक्यांसमोर उभं राहून आलं असेल.

“तारीख आजची घाल हां,” त्या म्हणाल्या. “मागची नको.”

मी आजची तारीख घातली. काकींनी सही नीट वाळू दिली, मसुदा सोडवून माझ्या हातात ठेवला, अर्ज फायलीत लावला, दोरी बांधली आणि फाइल रेघेच्या वरच्या फळीवर परत ठेवली. मग त्या चहा टाकायला गेल्या. मी त्या फळीखाली, प्रज्ञाच्या पाटावर बसून वाचायला लागले. एका कलमाचा क्रमांक चुकला होता, दोन नावं दोनदा आली होती. बाकी सगळं बरोबर होतं. बारा पानं होती. काकींनी शेजारी आणून ठेवलेला चहा निवायच्या आत ती वाचून झाली.